बिनमाशांचं निस्वाज

आमचे हे हॉटेलात शेफ आहेत आणि त्याच तोऱ्यात असतात. ‘निस्वाज’ नावाचं फ्रेंच सॅलड म्हणजे यांचा हातखंडा. बटाटे, फरसबी, टोमॅटो, ऑलिव्ह, वर उकडलेली अंडी आणि ट्यूना मासा. लेक लहानपणी वाडगाभर फस्त करायची. मग तिनं मासे, अंडी, दूध, सगळंच सोडलं. त्यावर हे पटकन बोलून गेले, “मग आता चारा खाणार का?”

तेव्हापासून ती येते, हसते, बोलते, पण जेवते स्वतःच्या डब्यातलं. एकदा स्पष्टच म्हणाली, “बाबा, तुझ्या स्वयंपाकात कशात काय असेल, माझा भरवसा नाही.” एवढा मोठा शेफ, पण तोंड एवढंसं झालं. पोटच्या पोरीनं आपल्या हातचं खाऊ नये, हे दुःख माणूस कुणाला सांगणार?

परवाच्या रविवारी यांनी कंबर कसली. “निस्वाजच करणार, पण तिला चालेल असं.”

सकाळपासून स्वयंपाकघराचा नुसता आखाडा. उकडलेले काबुली चणे जाडसर कुस्करून त्यात समुद्री शेवाळाची पूड घातली, हा झाला ट्यूना. टोफूत हळद घालून पिवळा बलक केला. मी चाखून म्हटलं, “अंडं नाही, पण अंड्याच्या लांबच्या नात्यातलं आहे.”

“तू गप्प बस गं,” हे म्हणाले, पण चिमूटभर काळं मीठ घातलंच. मग अंड्याचा वासही आला.

लेक आली. टेबलावरची रंगीत सजावट बघून तिनं डबा पिशवीतच राहू दिला. यांनी एकेका जिन्नसाचं नाव सांगितलं. तिनं वाढून घेतलं, काटा उचलला.

“थांब!” हे केवढ्यांदा ओरडले. तिच्या हातातला काटाच काढून घेतला.

निस्वाजच्या भांड्याला आतून लसूण आणि अँकोव्ही चोळायची, ही यांच्या गुरूंची रीत. अँकोव्ही म्हणजे खारवलेली बारीक मासळी. तिची बरणी आमच्या फ्रिजमध्ये कायमची. सकाळी यांचं डोकं चण्यांत होतं आणि हातांनी सवयीनं आपलं काम उरकलं होतं. मी शेजारी उभी, पण त्या वासाला माझं नाक इतकं सरावलेलं की मलाही पत्ता लागला नाही.

“भांड्याला मासळी चोळली मी,” हे म्हणाले. “पोरी, तुझंच खरं ठरलं.”

मला यांचा राग आला आणि कीवही आली. आता ही उठून जाणार, मी मनाशी म्हटलं.

“मला कळलं असतं का?” लेकीनं विचारलं.

“नसतं कळलं.”

“मग सांगितलंस कशाला?”

“तू खायला निघाली होतीस ना,” हे म्हणाले आणि तिच्यापुढची ताटली उचलली. “तूच कर आता. मी कशाला हात लावत नाही.”

“नाही, तूच कर,” ती म्हणाली. “मी बाहेर बसते. झालं की हाक मार.”

ती खरंच गॅलरीत गेली आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून बसली. एकदाही वळून पाहिलं नाही.

हे नळाखाली भांडं घासत राहिले. लख्ख झालं तरी घासतच होते, मधूनच बाहीला डोळे पुसत होते. मी बटाटे सोलायला घेतले. पोरीला भूक लागली होती.