टॉवेलाचं वजन

काकूंचा पारा सकाळपासूनच चढलेला होता. दवाखान्याच्या धुलाईघरात बावीस वर्षं काढलेल्या या बाईला सगळे काकूच म्हणत, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा. आज मात्र त्या एप्रन खुंटीला अडकवून वरच्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डात आल्या होत्या. घटकाभरापूर्वी त्यांची लेक बाळंत झाली होती.

नात झाल्याचा आनंद राहिला बाजूलाच. लेकीचे ओठ पांढरेफटक, नखंही तशीच. गेले सहा महिने चार पायऱ्या चढली तरी पोरीला धाप लागायची. काकूंनी उशाशी ठेवलेलं कार्ड उलटून पाहिलं. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ, शेजारी लाल शाईत ‘पुन्हा तपासा’. पुढचे सगळे रकाने कोरे.

“पुन्हा तपासलं का नाही गं?”

“दोनदा सांगितलं मी, चक्कर येते म्हणून. तपासणीच्या सिस्टर म्हणाल्या, या दिवसांत येतेच. गोळ्यांनी मळमळायचं, तर म्हणाल्या, थांबव थोडे दिवस.”

“आणि तू थांबवल्यास!”

“त्यानंतर कुणी विचारलं का? तूच म्हणालीस ना, आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या?”

काकू तसं म्हणाल्या होत्या खऱ्या. निम्मा राग स्वतःकडे वळला, आणि उरलेला निम्मा कुणाच्या पदरात घालावा हे शोधत त्या उभ्या असतानाच तरुण सिस्टर बाळाला घेऊन काट्यापाशी आली. जाडजूड पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं बाळ तिने तसंच तराजूत ठेवलं.

“दोन किलो सहाशे! छान. उद्या घरी जायचं हं, पिल्लू.”

वॉर्डाचा नियम काकूंना पाठ होता. अडीच किलोच्या खालच्या बाळाला पिवळी पट्टी, त्याच्या आईचं रक्त त्याच दिवशी तपासायचं, आणि पुढे दर आठवड्याला बाळाचं वजन. अडीचच्या वर गेलं की कुणी ढुंकून पाहत नाही.

“टॉवेलासकट वजन?”

“गारठतात हो बाळं. थोरल्या सिस्टरांनी असंच शिकवलंय.”

“मग टॉवेलाचं वजा कधी करता?”

“टॉवेलाचं असं कितीसं असणार, काकू!”

हा प्रश्न विचारायला बिचारीला नेमकी हीच बाई सापडली. काकूंच्या मशिनीत एका घाण्याला सात किलोच कपडे बसतात, आणि प्रत्येक घाणा त्या तोलून टाकतात.

“साडेतीनशे ग्रॅम. वीस टॉवेल, सात किलो. झोपेतून उठवून विचार!”

आवाज ऐकून थोरल्या सिस्टर आल्या. “काकू, दवाखाना चालवायला आम्ही आहोत ना?”

“मग चालवा की! माझ्या नातीच्या अंगावर कापडाचं मांस चढवून तिला घरी कसल्या पाठवता?”

काकूंनी कपाटातला एक कोरडा टॉवेल उचलला आणि बाळ तरुण सिस्टरच्या हातात देऊन तो रिकाम्या तराजूवर टाकला. काटा साडेतीनशेवर थांबला. वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या होत्या.

थोरल्या सिस्टरांनी स्वतःच्या हाताने आकडा खोडून लिहिला, दोन किलो दोनशे पन्नास. बाळाच्या मनगटावर पिवळी पट्टी चढली. दुपारी लेकीच्या रक्ताचा निकाल आला, साडेसहा. डॉक्टर पलंगाशी थांबून म्हणाले, आईच्याच रक्तात लोह नाही, बाळाला पुरेसं पोचणार कसं? वाढ खुंटते ती पोटातच. आता आईवर उपचार आणि बाळावर लक्ष, म्हणजे भरून निघेल बरंचसं.

“हे सहाव्या महिन्यात सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं?” काकूंनी विचारलं. डॉक्टरांनी कार्डातल्या कोऱ्या रकान्यांखाली आजची तारीख घालून साडेसहा लिहिलं.

संध्याकाळी काकू एप्रन घालायला खाली निघाल्या, तर थोरल्या सिस्टर जिन्याशी उभ्या होत्या. वॉर्डातल्या बाळांच्या वजनांची जुनी वही त्यांच्या हातात उघडी होती.

“काकू, माझ्या वॉर्डातून बाळांचे टॉवेल रोज किती येतात धुवायला?”

“चौदा,” काकू म्हणाल्या. “बावीस वर्षांत एकही तोलल्याशिवाय धुतला नाही मी. तुम्ही नुसतं खाली येऊन विचारायचं होतं.”