गौरीचा हात

लोहाऱ्याहून सुटलेल्या जीपगाड्या त्या रविवारी मठापाशीच रिकाम्या होत होत्या. टपावर माणसं, मागच्या शिडीला लोंबकळणारी माणसं. मंडपात चौथऱ्याच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. चौथऱ्यावर बाप्यांकडं पाठ करून अक्षरबाबा बसला होता. भगवी शाल, कपाळभर भस्म, कानाला अडकवलेला माईक. समोर एक लाकडी पाट. पाटावर अ पासून ज्ञ पर्यंत पांढऱ्या रंगातली अक्षरं, त्याखाली काना, मात्रा, वेलांट्या. अन् पाटाच्या पलीकडं, बायांकडं पाठ करून, सात वर्षांची गौरी. जन्मल्यापासून एक शब्द न बोललेली.

बाबानं तिचं मनगट धरलं. गौरीचं बोट पाटावर फिरायला लागलं. बाजूला उभा असलेला शिष्य एकेक अक्षर ओरडून सांगू लागला.

"मी... आले... आहे! सगळ्यांना... आशिर्वाद!"

मंडपात हुंदका फुटला. म्हाताऱ्यांनी कानशिलावर बोटं मोडली. "मुकं लेकरू लिवतंय बया! धड पैलीत बी बसलं न्हाय, अन् लिवतंय!"

"डॉक्टर म्हणतो, पोरगी मंद आहे," बाबा गरजला. "मी म्हणतो, पोरगी ग्रंथ आहे! फक्त पान उलटणारा हात पाहिजे! डॉक्टरकडं मशीन आहे, माझ्याकडं स्पंदन आहे. ह्याच स्पंदनाला अमेरिकेत क्वांटम म्हणतात, अन् तिकडं त्याला लाखो डॉलर पडतात. इथं देवीआईच्या कृपेनं फुकट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. क्वांटम म्हणजे काय हे मंडपात कोणालाच ठाऊक नव्हतं, बाबालाही नव्हतं.

मंडपाच्या कडेला भैरवी उभी होती. ती उमरग्याची. एम.एड.च्या दुसऱ्या वर्षाला, विशेष शिक्षणाच्या. ज्या मुलांना बोलायला किंवा भाषा वापरायला अडचण येते त्यांना शिकवायचं कसं, हा तिचा विषय. प्रबंधासाठी ती उन्हाळ्यापूर्वी तीन महिने याच गावच्या शाळेत गौरीसोबत बसली होती. परीक्षा देऊन परत आली, तर गौरी शाळेत नव्हती. चौथऱ्यावर होती.

सगळा मंडप पाटाकडं बघत होता. भैरवी गौरीच्या डोळ्यांकडं बघत होती. गौरी पाटाकडं बघतच नव्हती. ती मान वर करून मंडपाच्या कापडात अडकलेल्या चिमणीकडं बघत होती, आणि खाली तिचं बोट अचूक वेलांट्या निवडत होतं. मधूनच ती मोकळ्या हाताचा तळवा उजव्या कानावर आपटायची. शिष्य तो हात खाली दाबायचा.

"देवीचा नाद ऐकतीय," बाबा म्हणाला.

कानावर हात मारणं म्हणजे काय हे कळायला एम.एड. लागत नाही.

तेवढ्यात बोट पुन्हा फिरलं. "मला... इथंच... ठेवा." बाबानं डोळे पुसले आणि जाहीर केलं, की पुढच्या रविवारी गौरी मठाला अर्पण होईल. ती इथंच राहील, देवीची वाणी म्हणून.

दुसऱ्या दिवशी भैरवी गौरीच्या घरी गेली. बाप रामकिसन कामावर गेला होता. आई चांगुणा दारातच बसली होती, तिच्या मांडीवर डोकं ठेवून गौरी निजली होती. अंगात कणकण होती.

"चांगुणाबाई, हिला दवाखान्यात दाखवलं का? कान दुखतोय हिचा."

"दुखत न्हाय. महाराजांनी इचारलं की पाटावर. 'मी सुखात आहे, औषध नको' असं लिवलं तिनं."

"अन् माझी चित्रं?"

चांगुणानं नजर चुकवली. भैरवीनं गौरीला हातानं काढलेली चित्रांची कार्डं दिली होती. पाणी, भाकरी, नको, दुखतंय. हवं ते चित्र गौरीनं उचलून द्यायचं, एवढंच. "महाराज म्हनले, कागदाच्या चित्रांनी देवीची वाणी इटाळती. धुनीत टाकली."

भैरवी काही बोलणार, तोच चांगुणानं ट्रंकेतून एक चौपदरी घडी काढली. शिष्यानं लिहून दिलेला कागद होता. तिला वाचता येत नव्हतं, पण पाठ होता. "'आई, माझी तुझ्यावर खूप माया आहे.' सात वर्सं, म्याडम. सात वर्सं हिच्या तोंडातनं 'आई' ऐकायला जीव तुटला माझा. तुमच्या चित्रांनी तीन म्हयन्यात चार शब्द आले. 'पानी' अन् 'भाकर'. महाराजांनी येका दिसात हे दिलं. अन् तुमी म्हंता, खोटं?"

बाबाचा राग यायला सोपा होता. पण भैरवीला आता ह्या बाईच्या ट्रंकेतला कागद काढून घ्यायचा होता.

ती तडक कल्याणप्पा गुरुजींकडं गेली. गौरी त्यांच्याच वर्गातली. "गुरुजी, तुम्ही गप्प का बसलात?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "गावात राहायचंय मला, भैरवी. पालकच म्हणाले, पोरगी शाळेत पाठवणार नाही. मी काय करणार?"

"निदान बाबाचे व्हिडिओ तरी असतील तुमच्या फोनमध्ये?"

ते होते. गावाच्या ग्रुपवर रोज येत. भैरवीनं दुपारभर बाबानं हात धरून लिहायला लावलेल्या चार मुलांचे व्हिडिओ पाहिले आणि अक्षरं वहीत उतरवली. मग वही गुरुजींपुढं सरकवली. "तपासा. शुद्धलेखन तपासता तसं."

गुरुजींनी सवयीनं लाल पेन काढलं. पहिल्या मुलाच्या 'आशिर्वाद'वर गोल केला. ह्रस्व वेलांटी. दुसऱ्याच्या 'आशिर्वाद'वर केला. तिसऱ्याच्या. चौथ्यापाशी त्यांचा हात थांबला. "हे लेकरू तर पलीकडच्या गावचं. घरात कानडी बोलतात ह्याच्या. ह्याला मराठी कुठनं आली?"

"अन् तेही चुकीच्या वेलांटीसकट," भैरवी म्हणाली. "चार मुलं, एक चूक. परीक्षेत असं दिसलं तर तुम्ही काय म्हणता?"

"कॉपी," गुरुजी हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "अरे, कॉपी आहे ही!"

"आमच्या अभ्यासात यावर अख्खं प्रकरण आहे. परदेशात शिकलेसवरलेले लोकसुद्धा मुलांचे हात धरून लिहून घेत होते. काहींना तर प्रामाणिकपणे वाटायचं, मूलच लिहितंय. एका साध्या परीक्षेत सगळं उघडं पडलं. मला फक्त एक पुठ्ठा हवाय. अन् त्या दिवशी तुम्ही मंडपात हवेत."

गुरुजींनी लाल गोलांची वही मिटून स्वतःच्या पिशवीत टाकली. "येतो," म्हणाले.

भैरवीनं रामकिसनला गाठून पोरीला दवाखान्यात न्यायची विनवणी केली. दोनदा. "देवीचं झालं की नेतो," एवढंच तो म्हणाला.

रविवारी मंडप आणखी वाढवला होता. गौरीला हिरवं लुगडं नेसवलं होतं, तोंड तापानं लाल झालं होतं. भैरवी हात जोडून चौथऱ्यापाशी गेली.

"महाराज, मी एम.एड. करतेय. माझ्या प्रबंधात हा चमत्कार लिहायचाय. देवीआईला एकच प्रश्न विचारू द्या."

बाबा फुलला. माईक सावरून म्हणाला, "बघा! शेवटी विद्यापीठ आलं आईच्या पायाशी! विचार, लेकी!"

"मी चित्र दाखवते. गौरीनं फक्त त्याचं नाव लिहायचं."

"आईला काय अवघड आहे?"

भैरवीनं पिशवीतून मोठा पुठ्ठा काढला आणि बाबा अन् गौरीच्या मधोमध उभा धरला. "नीट बघ गौरी. तुम्ही पण बघा सगळे." मग पुठ्ठा छातीशी घेतला.

बाबानं मनगट धरलं. बोट फिरलं. द ला ह्रस्व वेलांटी, मग व, मग काना.

"दिवा!" शिष्य ओरडला.

"बरोब्बर!" बाप्यांच्या बाजूनं आरोळी उठली. "दिवाच हाय! जय हो!"

बायांच्या बाजूला मात्र सामसूम. मग एक म्हातारी उठून उभी राहिली. "कुठला दिवा रं मुडद्यांनो? शेळी हाय की ती!"

"ए आजे, दिवा हाय!"

"शेळी हाय! धडधडीत शेळी! आमी काय आंधळ्या हाव का?"

भैरवीनं पुठ्ठा उंच धरला आणि सावकाश फिरवला. एका बाजूला दिवा. दुसऱ्या बाजूला शेळी.

"गौरीच्या बाजूला शेळी होती," ती म्हणाली. "दिवा महाराजांच्या बाजूला होता. मग लिहिलं कोणी?"

"आई दोन्ही बाजू बघते!" बाबा ओरडला.

"मग एकदा तरी शेळी लिहायची होती!" हे कल्याणप्पा गुरुजी होते. उभे राहून ओरडत होते, हातातली लाल गोलांची वही हवेत. "चार पोरांच्या हातून तुम्हीच लिहिलंत! अन् आशीर्वादातली वेलांटी दीर्घ असते, तेवढं तरी शिकून यायचं!"

कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं बाबाचा चेहरा उतरला, तसा शिव्यांनीही उतरला नसता. "पाखंडी! शाप लागेल!" म्हणत त्यानं गौरीचं मनगट पुन्हा पकडलं.

"हात सोडा तिचा," भैरवी म्हणाली.

"देवी कोपेल..."

"सोडा म्हन्ते न्हवं ती!" चांगुणा चौथऱ्यावर चढली होती. तिनं बाबाची बोटं एकेक करून उकलली. मग भैरवीकडं वळली. "म्हंजी ते पत्र... तिचं न्हवतं?"

खोटं बोलायचा मोह भैरवीला झाला. "नव्हतं," ती म्हणाली.

चांगुणा गौरीजवळ खाली बसली. भैरवीनं रात्रीचा दिवस करून नवी काढलेली कार्डं तिच्यापुढं पाटावरच मांडली, अक्षरांच्या वर. गौरीला कोणी हात लावला नाही. गौरीनं आधी कार्डांकडं बघितलं, मग आईकडं. पाणी बाजूला सारलं, भाकरी बाजूला सारली. तिसरं कार्ड उचलून तिनं आईच्या हातात कोंबलं आणि आईचा तळवा ओढून स्वतःच्या उजव्या कानावर ठेवला.

"दुखतंय," चांगुणा म्हणाली. "दुखतंय म्हन्तीय ती. कवाधरनं सांगतीय! अन् आमी..."

रामकिसननं पोर उचलली आणि गर्दी फाडत जीपकडं पळाला. उमरग्याच्या डॉक्टरांनी कानाच्या पडद्यामागं साचलेला पू दाखवला. आणखी आठ दिवस गेले असते तर कानामागच्या हाडात उतरला असता, म्हणाले. मग रामकिसनकडं असं बघितलं, की तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

चांगुणानं अंगठा उमटवून पोलिसांत तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायदा आजवर कागदावरच होता, तो पहिल्यांदा या गावात उतरला. बाबा कर्नाटकात पळण्याआधीच नाक्यावर सापडला. गावात जो तो सांगू लागला, "मला तर पैल्यापासनंच शंका होती." भैरवीला त्याचाही संताप आला. शंका होती, तर पोर कानावर हात मारत होती तेव्हा ही तोंडं कुठं होती?

ग्रामसभेत तिला बोलायला उभं केलं, तेव्हा तिनं तेच विचारलं.

"आता माझ्यावरही विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "माझं शिक्षण बघून तर मुळीच नको. तपासून बघा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या नावानं कोणी बोलायला लागला, की त्याला म्हणा, हात सोड. अन् लेकरासमोर गप बसून बघा. ते काहीतरी सांगत असतं."

पुढच्या रांगेतून रामकिसननं विचारलं, "अन् म्याडम, काहीच सांगितलं न्हाय तर?"

"तर उद्या परत बसायचं," भैरवी म्हणाली. "परवा परत. दुसरा मंत्र मलाही कोणी शिकवलेला नाही."