सेगोचा वाटा

राशिदे आदल्या दिवशी सकाळी मध काढायला गेला होता, तो परत आलाच नव्हता. उजाडता उजाडता त्याची बायको अतिजा पर्यटकांच्या तळावर आली आणि त्याच्या धाकट्या भावाला, अमिसेला, म्हणाली, "भावजी, तुमचे दादा एखादी रात्र बाहेर काढतात, मला काही नवीन नाही. पण पाण्याचा कॅन दारातच राहिलाय हो."

अमिसेने तिला धीर देऊन घरी पाठवलं. त्याला लगेच भावाच्या शोधात निघायचं होतं, पण तळावरची पाहुणी तयार होऊन उभी होती, तिला जंगल दाखवणं हे त्याचं काम. निदान डोळे उघडे ठेवून हिंडता तरी येईल, असा विचार करून तो निघाला.

पाहुणी म्हणजे राजधानी मापुतोच्या दोना, म्हणजे बाई, सेलेस्ते, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. लोक लुगेंदा नदीच्या काठी हत्ती नाहीतर सिंह बघायला येतात. या बाई कंबरेत वाकून, हातात भिंग धरून चालायच्या. सकाळी हत्तींचा कळप नदी ओलांडत होता तेव्हा त्यांनी तो डोळे भरून पाहिला, आणि दुसऱ्या क्षणी पायाशी शेणाची गोळी ढकलणाऱ्या किड्याकडे वळल्या.

"अगबाई, याची घाई बघा! हत्ती बिचारे निवांत चाललेत," त्या म्हणाल्या.

पुढे बंदूक घेऊन चालणारा तळाचा पहारेकरी कालांजे हसला. "बाई, अशा चालीनं आपण दुपारपर्यंत या झाडापाशीच."

अमिसेला हसू आलं नाही. राशिदेने काय करून ठेवलं होतं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सेगो पक्षी ओरडत ओरडत माणसाला पोळ्यापर्यंत नेतो. माणसाने धूर करावा, मध काढावा, आणि ओली पानं अंथरून त्यावर सेगोचा मेणाचा वाटा ठेवावा. ज्याने पोळं काढलं त्याच्याच हाताने. याओ जमातीचा माणूस एक वेळ जेवण विसरेल, पण हे विसरत नाही. राशिदेने मात्र गेल्या मोसमात मेण जाळून टाकलं होतं. "उपाशी राहिला की पुन्हा लवकर येतो," असं वर तोंड करून सांगायचा. मोठा शहाणा! फसवलेला सेगो पुढच्या वेळी पोळ्याकडे नेत नाही, सिंहाकडे नेतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

उन्हं चढली तसा डोक्यावरच्या फांदीतून आवाज आला. काड्यापेटी कानाशी खुळखुळवावी तसा. मूठभर करडा पक्षी, नजरेत भरावं असं त्याच्यात काही नाही. तो उडाला, पुढच्या झाडावर बसला आणि पुन्हा बोलावू लागला.

कालांजे जागीच थांबला. "अमिसे, मागे फिर. हा तुझ्या दादाने फसवलेलाच पक्षी असला तर?"

"दादाचा असला तरच मला जायचंय."

"डोकं फिरलंय का तुझं? बाई आहेत सोबत."

दोना सेलेस्तेंना सगळं सांगणं भाग होतं. त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. "तुझा भाऊ हरवलाय आणि तू मला किडे दाखवत बसलायस? चल पुढे. मी तुमच्या मधे चालेन, हूं की चूं करणार नाही."

अमिसेने घसा खाकरून जुनी हाक दिली, "ब्र्र्र-हम." पक्ष्याने उत्तर दिलं आणि ते निघाले.

चालता चालता जंगल गप्प होत गेलं. आधी होले घुमायचे थांबले, मग रातकिड्यांसारखे किरकिरणारे झाडावरचे किडे. सकाळपासून मानेला चावणाऱ्या माश्यासुद्धा कुठे गेल्या कोण जाणे. वाटेवर मुंगळ्यांची रांग होती, तीही जागच्या जागी थिजल्यासारखी उभी. बाईंनी ती पाहिली आणि अमिसेच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं. पुढे फक्त तो खुळखुळाट. पक्षी थांबत होता, मागे वळून बघत होता. अमिसेने उभ्या जन्मात शेकडो सेगो पाहिले होते, पण माणसं मोजल्यासारखा बघणारा हा पहिलाच.

झाडी सरली आणि एक प्रचंड गोरखचिंच दिसली. खोडात खुंट्या ठोकलेल्या, वरच्या बेचक्यात राशिदे. मधमाश्यांनी डसून त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. आणि झाडाखाली, पंजावर हनुवटी टेकून, सिंहीण.

कालांजेने हवेत बार काढला. सिंहिणीने कान हलवला, बस्स. उठली नाही, गुरगुरली नाही, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर झाडाच्या खालच्या फांदीवर होती, आणि तिथे तो पक्षी जाऊन बसला होता.

"मारू नकोस," अमिसे कुजबुजला. "इथून नुसती जखमी झाली तर दादाही जाईल आणि आपणही. दादा! ऐकतोयस ना?"

"कालपासून तशीच बसलीय रे!" राशिदेचा आवाज फाटला होता. "तहानेनं जीव चाललाय माझा. पाय खाली टाकला की हा ओरडतो, आणि ही मान उचलते."

"त्याचा वाटा दिलास?"

"फेकला की! अर्धं पोळं फेकलंय. शिवतसुद्धा नाही."

मेणाचे तुकडे धुळीत विखुरले होते. एवढ्या मेणावर एकही मुंगी नव्हती. अमिसेला कळलं. कुत्र्याला टाकावं तसं टाकलेलं सेगो घेत नाही. ते पानावर ठेवायला हवं होतं, ज्याने पोळं काढलं त्याच्या हाताने, जमिनीवर उतरून. आणि हे सख्ख्या भावाला त्यालाच सांगावं लागणार होतं.

"दादा, खाली ये."

"काय?"

"डहाळी तोडून घे. खाली ये, पानं अंथर, आणि हातानं मेण ठेव."

राशिदे रडायला लागला. घरात बापासारखा वागणारा माणूस, लहान पोरासारखा. "ती खाईल मला, अमिसे."

"न आलास तरी तहानेनं मरशील. ये, मी इथेच आहे." तो बंदुकीच्याही पुढे जाऊन उभा राहिला. याहून जास्त त्याला काही करता येत नव्हतं, आणि याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

एकेक खुंटी चाचपत राशिदे उतरला. पक्षी ओरडला नाही. सिंहीण हात लांब केला तर लागेल इतकी जवळ होती, तिच्या श्वासाने गवताची पाती हलत होती. राशिदेने गुडघे टेकले, पानं पसरली, मेणाचा तुकडा त्यावर ठेवला आणि कपाळ जमिनीला लावलं.

पक्षी खाली उतरला. सिंहिणीच्या पंजांमधून चालत, सावकाश, पानापाशी आला. एवढासा जीव, आणि तिने त्याला वाट देण्यासाठी पंजा मागे घेतला! तो खाऊ लागला तशी ती उठली, अंग झटकलं आणि गवतात शिरली. बाईंच्या तोंडून हुंदका निघाला.

अमिसेने धावत जाऊन भावाला काखेत धरून उभं केलं. त्याच्या अंगाला मधाचा आणि भीतीचा वास येत होता.

"खाल्लं का त्यानं?" राशिदेने डोळे न उघडताच विचारलं.

"खाल्लं. सगळं."

"मग जात का नाही?"

पानं रिकामी होती. पक्षी त्यांवर बसून, गेल्या मोसमाचा वाटा अजून बाकी असल्यासारखा, मान तिरकी करून दोघांकडे बघत होता. अमिसेने भावाला सावरलं आणि पावलापावलाने मागे सरकू लागला. सिंहीण गेली होती त्या गवताकडे त्याने खुशाल पाठ केली होती. पक्ष्याकडे पाठ करायची काही त्याची हिंमत झाली नाही.