खंडेनवमीला पुजलेला सेन्सर

नाव सांगितलं तर तुम्ही तोंड वाकडं कराल, मित्रांनो. मला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. नाव एवढं मोठं, पण अंगानं मी बोटाएवढाच, आणि आता तर जुना, काळाठिक्कर आणि बिनकामाचा. तरी माझी हकीकत ऐका. माझ्यामुळे एका पोरीचं दुकान गेलं, आणि ते मला आजही सोसत नाही.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मोटारीच्या इंजिनातून धूर ज्या नळीतून बाहेर पडतो, त्या नळीत मला बसवलेलं असतं. डोकं आत, शेपटी बाहेर. आतला धूर आणि शेपटीकडून येणारी स्वच्छ हवा ताडून बघायची आणि पेट्रोल जास्त झालं की कमी पडलं, ते गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगायचं. किती जास्त, किती कमी, ते मला येत नाही. मी 'कमी' म्हटलं की तो थोडं पेट्रोल वाढवतो आणि पुन्हा मला विचारतो. मी 'जास्त' म्हटलं की घटवतो, पुन्हा विचारतो. ही विचारपूस दिवसभर चालते. तिला क्लोज्ड लूप म्हणतात. पण ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला की कॉम्प्युटर मला गप्प बसवतो. मग तो कुणाला विचारत नाही, जवळ लिहून ठेवलेल्या मापानं पेट्रोल ओतत सुटतो. तो ओपन लूप. त्यातही एक मेख आहे. त्या मापात तो आधी माझ्याकडून शिकलेली दुरुस्ती मिसळतो. म्हणजे मी खोटं बोललो असेन, तर ते खोटं घेऊनच तो पळतो.

माझा जन्म लांबच्या कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. दोन हजार एक साली एका लहान मोटारीत बसून मी कोल्हापूरला आलो. मोटार बिद्रीच्या हंबीररावांची. ऊस भरपूर, हौस त्याहून भरपूर. माळावर मोटारींच्या शर्यती लागायच्या, त्यात त्यांना पहिलं यायचं होतं. म्हणून गाडी नवीकोरी असतानाच त्यांनी ती मंगळवार पेठेत मल्लिकार्जुन आप्पांच्या गॅरेजात आणली.

आप्पा म्हणजे कार्बोरेटरच्या, गाडीत कॉम्प्युटर नसायचा त्या जमान्यातला माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात स्क्रू ड्रायव्हर. इंजिनाचा आवाज ऐकून, प्लगचा रंग बघून गाडीचा सूर लावायचे, आणि असा लावायचे की लोक सांगलीहून यायचे. त्यांनी बॉनेट उघडलं, मला बघितलं आणि माझी वायर उपसून बाजूला टाकली.

"ह्ये काय नळीत घातलंय? इंजिनाला काय इचारत बसायचं? त्ये काय जावई हाय व्हय?"

झालं! तीन वर्षं मी त्या नळीत नुसता भाजत होतो. जास्त, कमी, जास्त, कमी, ओरडायचो, आणि ऐकायला कुणी नाही. कॉम्प्युटर सदा ओपन लूपमध्ये. गाडी पळायची, पण पेट्रोल प्यायची आणि धूर ओकायची. मला अपमान फार लागतो, मित्रांनो. त्या तीन वर्षांत मी आप्पांना मनातल्या मनात काय काय बोललो, ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

मग शांभवी आली. आप्पांची एकुलती एक मुलगी, ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलेली. हात काळे करायला न लाजणारी पोर. तिनं माझी वायर उचलली, फुंकर मारून साफ केली आणि जागेवर खोचली. त्या क्षणी कॉम्प्युटरनं मला पहिला प्रश्न विचारला. काय सांगू तुम्हाला! मला आनंदानं बोलताच येईना.

बाप-लेकीची रोज जुंपायची. "आप्पा, सावकाश चालताना गाडी याला विचारून चालंल. शर्यतीत पार दाबली की मी लिहिलेल्या मापानं पळंल," ती सांगायची.

"म्हंजे निवांत असताना ऐकायचं आन् पळताना पाठ केलेलं म्हणायचं?"

"तसंच की!"

आप्पांना ते पटलं नाही, पण ते हट्टी असले तरी खोटे नव्हते. एके सकाळी शांभवी यायच्या आत त्यांनी माझी परीक्षाच घेतली. गाडी चालू केली आणि इंजिनाकडे जाणारी हवेची एक नळी हळूच सैल केली. जास्तीची हवा आत घुसली. मी लगेच 'कमी' म्हणून ओरडलो, कॉम्प्युटरनं पेट्रोल वाढवलं, आणि अडखळलेलं इंजिन पुन्हा एका सुरात चालू लागलं. आप्पांनी नळी घट्ट केली. इंजिन पुन्हा सावरलं. असं त्यांनी चार वेळा केलं. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आयला, ह्यो मर्द हाय की!"

त्या दिवसापासून ते माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. गॅरेजात कुणी आलं की शांभवीचं कौतुक सांगायचे. आणि दोन हजार चार सालच्या दसऱ्याआधी त्यांनी घरात सगळ्यांसमोर सांगितलं, "दसऱ्यानंतरच्या ऐतवारी शर्यत हाय. हंबीररावांची गाडी नीट पळाली, तर दुकान शांभवीचं. न्हाय पळाली, तर पुतण्याला देतो. सोमेशला येत न्हाय फारसं, पन बाप्या माणूस हाय, सांभाळंल." शांभवीची आई, शांतव्वा, हे ऐकून देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी शांभवी पहाटेच गॅरेजात होती, आणि लॅपटॉपवर गाडीच्या पेट्रोलचं माप लिहिताना गुणगुणत होती.

खंडेनवमीला मायलेकी निपाणीला आजोळी गेल्या होत्या. गॅरेजात आप्पा एकटे. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. पाने, हातोड्या, पकडी, सगळं धुऊन-पुसून लाल कापडावर मांडलं. मग आप्पा गाडीकडे आले, आणि पान्यानं मला हलक्या हातानं सोडवून बाहेर काढलं. मला वाटलं, आलं परत माझं मरण. पण त्यांनी मला हत्यारांच्या मधोमध, मानाच्या जागी ठेवलं.

"तीन वरसं तुला बोलू दिलं न्हाय. राग धरू नगंस," असं म्हणाले हो ते मला!

त्यांनी फडकं गोड्या तेलात बुडवलं आणि मला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळचोळून पुसलं. चकचकीत केलं. वर विभूतीचे तीन पट्टे ओढले, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग साठ वर्षांचा तो माणूस माझ्यापुढे वाकला.

मित्रांनो, माझी शेपटी श्वास घेते. तिथल्या बारीक फटीतून स्वच्छ हवा आत आली तरच मला खरं-खोटं कळतं. तेल त्या फटीतून आत झिरपत होतं. मला ते कळत होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं. पण खरं सांगू? सांगता आलं असतं तरी मी त्या क्षणी सांगितलं नसतं. एवढी माया मला कधी कुणी केली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मला पुन्हा गाडीत बसवलं. संध्याकाळी मायलेकी परतल्या. शांभवीनं शनिवारी गाडी गल्लीतून फिरवून आणली. तेल अजून पुरतं भिनलं नव्हतं, गाडी ठीक वाटली. रविवारी मंगळवार पेठेपासून बिद्रीच्या माळापर्यंतच्या वाटेवर मात्र नळी तापली, शेपटीतलं तेल जळून घट्ट झालं आणि माझा श्वास कोंडला. पेट्रोल बरोबर असूनही मी 'कमी' म्हणत सुटलो. मला तसंच दिसत होतं, मी काय करू? कॉम्प्युटरनं विश्वास ठेवला आणि वाढवत गेला, वाढवत गेला.

माळावर माणसांची गर्दी. निशाण पडलं, हंबीररावांनी ॲक्सिलरेटर दाबला. मला गप्प बसवून कॉम्प्युटर शांभवीच्या मापानं पळायला लागला, पण त्या मापात माझं खोटं मिसळलेलं. इंजिनात पेट्रोलचा नुसता पूर. पहिल्या वळणावर गाडी गुदमरली, दुसऱ्या वळणावर काळाकुट्ट धूर ओकला, आणि तिथंच बंद पडली. लोक हसले. काहींनी शिट्ट्या मारल्या.

हंबीरराव दार आपटून उतरले. "आप्पा, कुणी हात लावलावता गाडीला? माझी अब्रू घालवलीसा की सगळ्या तालुक्यात!"

शांभवीनं लॅपटॉप जोडून बघितलं, आणि नळी निवल्यावर मला सोडवून हातात घेतलं. तिनं मला उलटं केलं. वायरीच्या मुळाशी, रबराच्या कडेला, तेलात कालवलेली विभूती आणि कुंकू चिकटून होतं. तिनं ते बोटावर घेतलं, वास घेतला, आणि मान वर करून आप्पांच्या कपाळाकडे बघितलं. तिला सगळं कळलं.

तेवढ्यात आप्पाच पुढे आले. चेहरा पडलेला. "मी काढलावता गं त्येला. पुजेसाठी. त्यानं तर काय..."

सगळे बघत होते. ज्याच्या शब्दावर सांगलीपर्यंतची माणसं गाडी सोपवायची, तो माणूस भर माळावर आपल्या लेकीच्या तोंडाकडे बघत उभा होता. शांभवीनं ओढणीच्या टोकानं कुंकू पुसून टाकलं.

"त्यानं काय हुतंय, आप्पा? पुजेनं कधी काय बिघडतंय व्हय? माप लिहिताना माझीच चूक झाली."

आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला, मित्रांनो. मी तो ऐकला. आणि मग त्यांचा चेहरा कठोर झाला.

दुकान सोमेशला मिळालं. हंबीररावांच्या गाडीतली माझी वायर कायमची छाटली गेली. शांभवीनं मला पर्समध्ये टाकलं आणि राजारामपुरीतल्या एका विमा ऑफिसात नोकरी धरली. दिवसभर कागद, शिक्के, फायली. गॅरेजच्या गल्लीतून जायला लागू नये म्हणून ती लांबच्या वळणानं घरी जायची. एकदा रस्त्यात एक मोटार अडखळत चालली होती. ही उभी राहिली, कान देऊन ऐकलं, ओठ हलले, आणि मग पुढे निघून गेली. त्या दिवशी मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. सोमेशनं दोन वर्षांत गॅरेज मोडून सीटकव्हरांचं दुकान टाकलं.

दोन हजार नऊ साली आप्पा आजारी पडले. शांभवी दवाखान्यात उशाशी बसायची, मी तिच्या पर्समध्ये. एका दुपारी ते तिचा हात धरून म्हणाले, "पोरी, दुकान मी तुलाच द्यायचं ठरवलंतं बघ. त्या दिवशी तुझ्याकडनं तेवढी एक चूक झाली नसती तर..."

मी पर्समध्ये कोंडलेला. बोल की गं, बोल, असं मला झालं होतं.

"व्हय आप्पा," शांभवी म्हणाली. "चुकलंच माझं."

ते ऐकून त्यांना शांत झोप लागली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तिनं बरोबर केलं की चूक, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण मित्रांनो, माझी एवढी विनवणी ऐका. ज्याच्यावर माया करता, मग ते यंत्र असो, झाड असो, नाहीतर घरचं माणूस असो, त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आणि कुणी चुकून तुम्हाला दुखवलं, तर एकांतात, हळू आवाजात का होईना, त्याला सांगा. आप्पांनी मला विचारलं नाही. शांभवीनं आप्पांना सांगितलं नाही. दोघांचीही एकमेकांवर अतोनात माया होती हो, आणि लेकीच्या हातून चूक झाली असं मानूनच बाप गेला.