मॅनेजरबाईंचा श्वास

छातीवर केस असलेले चालतात का, हे विचारण्याचं धाडस मी त्या दुपारी अखेर केलं. मोठ्या सिस्टर तेव्हा वाळू भरलेली कापडी बाहुली माझ्या छातीवर ठेवत होत्या.

"चालतात की. फुकटची गादी," त्या म्हणाल्या. "पण आजोबा, बोलता बोलता बाहुलीची मान पडली बघा."

मी खाली पाहिलं. बाहुलीची हनुवटी तिच्या छातीला टेकली होती.

"मान अशी दुमडली की श्वासाची वाट बंद. चला, पुन्हा."

मी पुन्हा केलं. एक हात बाहुलीच्या बुडाखाली, दुसरा मानेमागे. पलीकडे काचेच्या पेटीत माझी नात झोपली होती. ती दिवस भरण्याच्या फार आधी जन्मली होती आणि तिचं वजन माझ्या जुन्या शब्दकोशापेक्षाही कमी होतं. नाव अजून ठेवलं नव्हतं. त्या विभागात सगळे तिला मॅनेजरबाई म्हणत. जरा कुणी खुर्चीला पाठ टेकली की ही श्वास घ्यायला विसरायची, यंत्र कोकलायचं आणि सगळ्यांची धावपळ व्हायची. कुणीतरी तळपायाला गुदगुल्या केल्या की बाई पुन्हा कामावर हजर. कॉफीत जे असतं तेच औषध तिला रोज देत होते, जाग राहावी म्हणून. आमच्या घरात इतक्या लवकर कॉफी कुणालाच मिळाली नव्हती.

माझी लेक वरच्या मजल्यावर होती. तिचा रक्तदाब अजून ताळ्यावर आला नव्हता, तिला उठायची परवानगी नव्हती. जावई दाराच्या काचेबाहेर रुमाल नाकाला लावून उभे होते. शिंका येणाऱ्या माणसाला आत प्रवेश नाही. आमच्या घरातल्या हिला नेमकी नागीण उठलेली. उरलो मी.

"अहो," ही सकाळी फोनवर म्हणाली होती, "तुम्ही पुस्तकाखेरीज आयुष्यात काही धरलंय का? लेक झाली तेव्हाही लांबूनच 'छान आहे' म्हणालात. पाडू नका म्हणजे झालं."

माझा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्याची चूक दिसली की समासात पेन्सिलीने बारीक खूण करायची, मोठ्याने बोलायचं नाही. आणि खूण करतानाही वाटायचं, चूक त्याची नसेल, आपलीच असेल.

डॉक्टरीणबाई आल्या. त्या वयाने माझ्या लेकीएवढ्या असतील, पण त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप सरळ व्हायची.

"आजोबा, स्पष्ट सांगते. घशातली नळी आपण परवाच काढलीय. श्वास विसरण्याचे प्रकार आज असेच राहिले तर संध्याकाळी ती परत घालावी लागेल. तिची फुप्फुसं ते पुन्हा कितपत सोसतील, मला सांगता येत नाही."

"म्हणूनच तर छातीशी द्यायचंय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माणसाच्या उबेत यांचा श्वास सुधारतो. मोठ्या बाळांमध्ये आपण पाहिलंय."

"मोठ्या बाळांमध्ये. इतक्या लहानात ही पहिलीच. काही झालं तर बाळ छातीशी द्यायची ती खुर्ची कायमची गोदामात जाईल, सिस्टर."

"खुर्चीबरोबर मीही जाईन. दोघींना पुसून ठेवा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

मी कोपरापर्यंत हात धुतले, नखं दाखवली, घड्याळ आणि अंगठी काढून दिली. फोन मोठ्या सिस्टरांच्या खिशात गेला. पुढून उघडा असलेला सदरा घालून मी मागे रेलणाऱ्या त्या खुर्चीत बसलो. उघड्या छातीने इतक्या बायकांपुढे बसायची वेळ कधी आली नव्हती. त्यांच्यापैकी एकीचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे पेटीवर होते.

"आता फक्त मी बोलणार," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "नळ्या कुणाच्या हातात?"

"माझ्या," तरुण सिस्टर म्हणाली.

"वायरी?"

"माझ्या," दुसरी म्हणाली.

"उचलते."

पेटीपासून माझ्यापर्यंत दोन पावलांचं अंतर होतं. ते पार होईपर्यंत कुणीही श्वास घेतला नसावा. मग माझ्या छातीवर काहीतरी ओलसर, उबदार टेकलं. त्याला वजन असं नव्हतंच. पाय बेडकासारखे दुमडलेले, गाल माझ्या गळ्याच्या हाडाखाली, डोक्यावर टोपी, नाकात दोन बारीक नळ्या. सिस्टरांनी वरून कापड गुंडाळलं आणि माझे हात जागच्या जागी बसवले.

"असेच. पुतळा व्हा."

पुतळा होणं मला जमण्यासारखं होतं. फक्त छाती ऐकत नव्हती. भीतीने मी भराभर श्वास घेत होतो आणि तिला हादरे बसतील म्हणून तो दाबायला गेलो की आणखी धाप लागत होती.

समोर पडदा होता. हिरवी रेघ हृदयाची, निळा आकडा ऑक्सिजनचा, पांढरी रेघ श्वासाची. तिच्या छातीवर चिकटवलेल्या तीन वायरी ती पांढरी रेघ काढत होत्या. रेघ वेडीवाकडी होती, शाळेतल्या पहिल्या दिवशीच्या अक्षरासारखी. मला मात्र ती पडद्याआधी अंगावर कळत होती. गळ्याच्या हाडाखाली एक लहानशी ऊब यायची, जायची. आरशावर कुणी हलकेच फुंकर घालावी तशी.

हळूहळू माझे खांदे सैल झाले. ती माझ्या छातीवरचा एक केस मुठीत धरून झोपली होती. दुखत होतं, पण तक्रार कुणाकडे करणार?

मोठ्या सिस्टर शेजारच्या पेटीकडे वळल्या. तिथल्या बाळाला दूध देण्याची वेळ झाली होती. तरुण सिस्टरने खोलीच्या मधूनच आमच्या पडद्याकडे पाहिलं.

"मॅडम, बघा ना! रेघ किती सुरेख झालीय. एकसारखी."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. खरंच, पांढरी रेघ आता वहीतल्या गिरवलेल्या अक्षरांसारखी येत होती. एकही ओळ चुकत नव्हती. त्यांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा जरा सैल झाला. काचेबाहेर जावयांनी अंगठा वर केला.

आणि माझ्या गळ्याच्या हाडाखाली ती फुंकर नव्हती.

मी वाट पाहिली. आता येईल. आली नाही. पडद्याकडे पाहिलं, तर रेघ चाललेली. निळा आकडा जागेवर. हृदय चालू. एवढं महागाचं यंत्र सांगतंय की ती श्वास घेतेय, आणि माझ्या या म्हाताऱ्या, निबर कातडीला काय कळणार? ओरडलो आणि काही नसलं तर? खुर्ची गोदामात जाईल. सिस्टरांची इतकी खटपट माझ्या घाबरटपणापायी वाया जाईल. मी पुन्हा रेघेकडेच पाहिलं.

मग लक्षात आलं की ती रेघ माझ्या ओळखीची आहे. मी श्वास आत घेतला की ती चढत होती. सोडला की उतरत होती.

मी श्वास रोखून धरला.

पांढरी रेघ आडवी झाली.

"सिस्टर!" मी ओरडलो. माझा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ती घेत नाहीये! तो माझा आहे, श्वास माझा आहे!"

मोठ्या सिस्टर दोन ढांगांत आल्या. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. कापड बाजूला करून त्यांनी तिचा चेहरा पाहिला. ओठांभोवती राखेचा रंग चढत होता. मान जराशी, अगदी जराशी खाली दुमडली होती. त्यांनी हनुवटी वर केली, पाठ चोळली. काही नाही. तळपायावर टिचकी मारली. काही नाही. आता निळा आकडा घसरू लागला आणि यंत्र कोकलायला लागलं, सगळं होऊन गेल्यावर.

"मास्क."

अंगठ्याएवढा मास्क तिच्या तोंडावर बसला. डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीवरच तिला फुग्याने हवा दिली. एकदा. पुन्हा. पुन्हा. मी छताकडे बघत होतो. माझा श्वास अजून धरलेलाच होता, सोडावा की नाही तेही कळेना.

माझा केस जोरात ओढला गेला. आणि गळ्याच्या हाडाखाली फुंकर आली.

"आजोबा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुम्हीही घ्या आता. एकाच वेळी दोघांना हवा देणं आम्हाला जमणार नाही."

रंग परत आला. निळा आकडा चढला. डॉक्टरीणबाईंच्या हातात तो फुगा तसाच होता आणि मला वाटलं, आता उचला म्हणतील, नळीची तयारी करा म्हणतील.

"काय म्हणालात मघाशी?" त्यांनी विचारलं. "श्वास माझा आहे?"

मी अडखळत सांगितलं. सांगताना मला स्वतःलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुन्हा धरा बरं."

मी धरला. मोठ्या लाटा थांबल्या. आडव्या रेघेवर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या तेवढ्या उरल्या.

"ही रेघ तिची," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "मघाचं ते सुरेख अक्षर तुमचं होतं. तुमची छाती हलली की तिच्या वायरी हलत होत्या. आम्ही खूश होऊन बघत बसलो." त्या तरुण सिस्टरकडे वळल्या. ती रडायच्या बेतात होती. "तुझी चूक नाही. मीही तेच पाहिलं. सिस्टर, यापुढे बाळ छातीशी दिलं की आधी त्या माणसाला श्वास धरायला सांगायचं. रेघ कुणाची आहे ते बघायचं. आणि बाळाच्या चेहऱ्याजवळ एक जण कायम. दूधबिध दुसरीने."

"आणि खुर्ची?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"खुर्चीत माणूस बसलाय ना? असू दे. पण अजून एकदा असं झालं तर मी नळी घालणार."

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या स्वतःच आमच्याजवळ बसल्या. "आजोबा, ओरडायला उशीर का केलात?"

"वाटलं, चुकत असेन."

"चुका की. रोज चुका. पण मोठ्याने."

दुपार सरकत गेली. माझा डावा पाय बधिर झाला, मग उजवा. मी प्रत्येक फुंकर मोजायला लागलो आणि मोजदाद विसरत राहिलो. उन्हाचा पट्टा खिडकीतून फरशीवर आला आणि भिंतीवर चढला. एकदा ती फुंकर लांबली. या वेळी मी थांबलो नाही.

"सिस्टर!"

तिघी धावल्या. डॉक्टरीणबाईंनी टोपी मागे सारून चेहरा पाहिला. मॅनेजरबाई जांभई देत होत्या. चांगली ऐसपैस, सगळं तोंड उघडून.

माझे कान तापले. "माफ करा, मी उगाच..."

"उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळीही असंच."

दिवे लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नळीचं सामान ठेवलेला ट्रे उचलला आणि न उघडताच कपाटात परत ठेवला. मोठ्या सिस्टरांनी खुर्चीच्या हातावरची नसलेली धूळ बोटांनी झटकली.

त्यांच्या खिशात माझा फोन थरथरला. त्यांनी बाहेर जाऊन तो घेतला आणि दारातूनच विचारलं, "आजोबा, आजी विचारतायत, काही पाडलंत का?"

"अजून नाही म्हणावं," मी म्हणालो. बऱ्यापैकी मोठ्याने.