लंकाबाईने ‘ऐकलं’ म्हटल्याशिवाय

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. वर लाकडी मूठ, खाली गोल रबर आणि रबरावर कोरलेली उलटी अक्षरे. कागदावर दाबला की ती सुलट उमटतात आणि लोक वाचतात, ‘चेंबर ऑफ कॉमर्स’. त्याखाली गावाचे नाव आहे. ते मी सांगणार नाही. राहाता-शिर्डीच्या बाजूचे एक पेठेचे गाव, एवढे पुरे. झाल्या प्रकाराची मला लाज वाटते, आणि लाजेपेक्षा राग जास्त येतो. शिक्क्याने रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

एकवीस वर्षांपूर्वी मला नगरच्या एका चिंचोळ्या दुकानात करून घेतले ते रंगनाथतात्यांनी. त्यांचे बी-बियाण्याचे दुकान होते. मला खिशात घालून ते एस.टी.ने गावी आले आणि दुकानामागच्या खोलीत, पोत्यांवर बसलेल्या पंधरा-वीस दुकानदारांसमोर त्यांनी मला ठेवले.

“नाव लई भारी हाय तात्या,” एक जण म्हणाला, “पन त्याचा अर्थ काय?”

“चेंबर म्हंजी बसायची खोली. कॉमर्स म्हंजी व्यापार. गावातल्या व्यापाऱ्यांनी एका खोलीत बसायचं आन एका तोंडानं बोलायचं, त्याला म्हनत्यात चेंबर ऑफ कॉमर्स. मोठ्या शहरात आसत्यात.”

“म्हंजी सरकारच की!”

“न्हाई!” तात्यांनी पोत्यावर हात आपटला. “सरकार न्हाई आन कोर्ट न्हाई. आपुन कुनाला दंड करू शकत न्हाई, कुनाला उठवू शकत न्हाई. आपल्याला फकस्त बोलता येतं. पर सगळ्यांनी मिळून बोललं की ऐकावं लागतं.”

दारात एक बाई उभी होती. ती लंकाबाई. पेठेच्या तोंडाशी लाकडी फळीवर तिचे फुलांचे आणि नारळांचे दुकान. तिने विचारले, “मग मला बी बसता येईल का त्या खोलीत?”

काही जण हसले. तात्या हसले नाहीत. “तू माल घेतीस, इकतीस. मंग तू व्यापारी न्हाई तर कोन? ये, बस.”

त्याच दिवशी तात्यांनी एक रीत घातली. कोणतेही पत्र आधी मोठ्याने वाचायचे. वाचून झाले की खोलीत ज्याचा धंदा सगळ्यात लहान, त्याने ‘ऐकलं’ म्हणायचे, आणि मगच शिक्का उठवायचा. सगळ्यात लहान धंदा लंकाबाईचा. म्हणजे माझी मूठ तात्यांच्या हातात असली, तरी मला हलवणारी तीच होती.

काय दिवस होते ते! वीजमंडळाला पत्र गेले, पेठेतल्या पथदिव्यांसाठी. एस.टी.ला गेले, बाजारच्या दिवशी गाडी पेठेपाशी थांबावी म्हणून. बाजारात बायकांसाठी मुतारी नव्हती. ते पत्र लंकाबाईने सांगितले, तात्यांनी लिहिले. पुरुषमंडळी खाली माना घालून बसली होती. तिने ‘ऐकलं’ म्हटले आणि मी असा उमटलो की एक अक्षर पुसट नाही. वर्षभराने मुतारी झाली. त्या दिवशी तात्यांनी ओल्या फडक्याने माझी अक्षरे पुसली आणि म्हणाले, “चांगलं काम केलंस रं.” शिक्क्याला याहून जास्त काय हवे असते?

मग तात्यांचे गुडघे गेले. ते घरी बसले. दुकानदार बैठकीला येईनात. याला गिऱ्हाईक, त्याला लग्न, तिसऱ्याची गाडी पंक्चर. रिकाम्या खोलीत कोणी ना कोणी येऊन बसतोच, मित्रांनो. आमच्या खोलीत हर्षलशेठ येऊन बसले.

हर्षलशेठचे पेठेच्या तोंडाशी लॉज आहे. शिर्डीला जाणाऱ्या भाविकांच्या बसगाड्या तिथे उतरतात. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काचेच्या दाराचे ऑफिस केले, थंड हवेचे यंत्र लावले, फिरती खुर्ची आणली. लोकांशी बोलताना ते “मी चेंबर बोलतोय” म्हणू लागले. एकटा माणूस चेंबर कसा असेल? पण कोणी विचारले नाही. नाव इंग्रजी, दार काचेचे, लोकांना वाटले मामलेदार कचेरीच असणार.

लॉजसमोर बस वळवायला जागा कमी पडत होती. तिथे लंकाबाईची धरून दुकानाच्या पाच फळ्या होत्या. एके दिवशी दुपारी, ऑफिसातल्या बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या असताना, हर्षलशेठनी पाच कागद टाईप करून आणले. ‘चेंबरच्या आदेशाने आठ दिवसांत जागा खाली करावी.’ आदेशाने! मला पायच नाहीत, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली असती. मला खिशात घालून ते सरळ लंकाबाईच्या फळीपाशी गेले, तिच्या नारळाच्या खोक्यावर कागद ठेवला आणि तिच्या डोळ्यांदेखत मला दाबले. मी विरोध करू शकलो नाही. शाई नेमकी ताजी होती.

लंकाबाईला कागद वाचता येत नव्हता, पण मला ती ओळखत होती. तिने माझ्या गोल खुणेवर बोट ठेवले.

“ह्यो तर आपला शिक्का. बैठक झाली व्हय?”

“झाली मावशी. सगळ्यांनी ठरवलं, जागा सोडायची.”

“मला बोलावलं न्हाई. आसू द्या. आपल्याच मान्सांनी ठरिवलं म्हंजी काय तरी कारन आसंल.”

सरकारचा कागद असता तर ती भांडली असती. माझा होता म्हणून तिने मुकाट्याने फळी उचलली. तिने उचलली म्हणून बाकीच्या चौघांनी उचलली. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि ते कुंपण मी होतो. हे आठवले की आजही मला स्वतःचा संताप येतो.

लंकाबाई स्टँडच्या मागे जाऊन बसली. तिथे गिऱ्हाईक फिरकेना. त्या पाचांतली, पेठेत तिच्या शेजारी बांगड्या विकणारी कडूबाई तर गावच सोडून सोनईला लेकीकडे निघून गेली.

दोन महिन्यांनी तात्या काठी टेकत हार घ्यायला पेठेत आले. फळी जागेवर दिसली नाही. शोधत शोधत ते स्टँडमागे पोचले आणि लंकाबाईने जपून ठेवलेला तो कागद त्यांनी पाहिला. पुढच्या बैठकीला ते तिला घेऊन काचेचे दार ढकलून आत आले. तात्या येणार ही बातमी पसरल्यामुळे त्या दिवशी खोली भरली होती.

“ह्ये पत्र वाचलं कुनी? ऐकलं कोन म्हनलं?” तात्यांनी विचारले.

सगळे हर्षलशेठकडे बघू लागले.

“काका, चेंबरला तेवढा अधिकार असतो,” हर्षलशेठ म्हणाले.

“कसला अधिकार? जागा ग्रामपंचायतीची, शिक्का व्यापाऱ्यांचा, आन आदेश तुझा? ही बाई ह्या खोलीत तुझ्या आधीपास्नं बसती. तिच्याच शिक्क्यानं तिला उठिवलं तुमी!”

मग दुसरे पत्र लिहिले गेले. आधीचा कागद चुकीचा, फळ्या होत्या तिथेच परत लागाव्यात. ते वाचले गेले. तात्यांनी मला उचलले आणि रीतीप्रमाणे सगळ्यांनी लंकाबाईकडे पाहिले.

“न्हाई ऐकलं,” ती म्हणाली.

तात्यांच्या हातात मी हवेत तसाच.

“जिथं उठिवलं तिथं यिऊन वाचा. हर्षलशेठनी वाचायचं. तवा ऐकीन.”

आणि अख्खी बैठक उठून पेठेत गेली. भर बाजारात, रिकाम्या जागेसमोर उभे राहून हर्षलशेठनी ते पत्र वाचले. आवाज बारीक निघाला तेव्हा ती म्हणाली, “मोठ्यानं. कडूबाईला सोनईत ऐकू जायला पायजे.” त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचले.

“ऐकलं,” लंकाबाई म्हणाली. मग नारळाच्या त्याच खोक्यावर तात्यांनी मला दाबले.

चार फळ्या परत लागल्या. पाचवी नाही. कडूबाई आली नाही, तिच्या जागेवर आता बसचे चाक येऊन थांबते. माझा राग गेला नाही तो त्यामुळेच.

मित्रांनो, मला पुसू नका, शाई घालू नका, चालेल. मी रबराचा तुकडा आहे, ज्याच्या हातात जाईन त्याचा होतो. तुम्ही मात्र खोलीत येऊन बसा. हर्षलशेठवर रागावणे मला सोपे आहे. पण माझा खरा राग त्या दुपारी ज्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, त्या सगळ्यांवर आहे.