शेवंताला उभं राहायला

शेवंता काचेच्या टाकीत राहायला गेली त्याला महिना होऊन गेला होता, आणि बार्शीतल्या त्या घरात आता कुणाला त्याचं नवल उरलं नव्हतं. देवबागच्या किनाऱ्यावर वाढलेली पोर ती, बार्शीचा कोरडा वारा काही तिला मानवला नाही. मग नवऱ्याने, नागनाथाने, माजघराएवढी टाकी करून घेतली आणि मीठ घालून पाणी खारं केलं. मासे नव्हतेच. नुसती शेवंता.

पण टाकीचा तळ काचेचा, आणि काचेवर तिचं पाऊल ठरेना. दिवसभर ती अधांतरी तरंगायची, डोळ्याला डोळा नाही, आणि रोज थोडी थोडी वर सरकायची. पाण्याबाहेर आली की ती संपणार, हे नागनाथाला ठाऊक होतं. त्याचा जीव नुसता टांगणीला लागला. वाळू बाजारातही मिळते हो, पण ती मेलेली. तिला हवी होती जिवंत, माहेरची.

तो देवबागला गेला. तिच्या भावाने, जयवंताने, फावडं घेतलंच नाही. ओहोटीच्या ओल्या किनाऱ्यावर उकिडवं बसून त्याने बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि जी वाळू आपणहून पुढे आली तेवढीच डब्यात घेतली. न आलेलीला हात लावायचा नाही, अशी तिकडची रीत. वर समुद्राचं पाणी ओतून त्याने डबा नागनाथाच्या हातात दिला.

"हिका गोडा पाणी लागाक देव नको, भावोजी," तो म्हणाला. "मरात ती."

एसटीत वाळू मांडीवर धापा टाकत होती. कंडक्टरने डब्यात हात घालून पाहिला, अंग कोमट लागलं, तेव्हा मुकाट्याने अर्धं तिकीट फाडलं. घाटात ती फार घाबरली. नागनाथ तिला थोपटत राहिला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

घरी आल्यावर डबा मोरीपाशी ठेवून तो आधी भगवंताच्या देवळात नारळ फोडायला गेला. तेवढंच चुकलं बघा. घरात त्याची थोरली बहीण, आक्का होती. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय आत घ्यायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तांदूळ धुवावेत तशी तिने वाळू नळाखाली चोळचोळून धुतली, पाणी नितळ येईपर्यंत. भावजयीच्या पायाला खडा टोचू नये म्हणून एकेक खडाही वेचला. आता तिला तरी काय बोलणार?

नागनाथ परतला तेव्हा वाळू परातीत पांढरीस्वच्छ पडली होती. त्याने तळहात टेकवला. श्वास नव्हता. गार लागली. तो तिथेच बसला आणि रडला, आक्कासमोर, लाज न बाळगता.

माजघरात शेवंताचा माथा पाण्याच्या वरच्या कडेला लागला होता.

"आली का?" तिने विचारलं.

"आली," नागनाथ म्हणाला.

त्याने सदरा काढून खुंटीला लावला, शिडी चढला आणि टाकीत उतरला. तळाशी जाऊन उताणा पडला, हातपाय पसरून, कोपऱ्यापर्यंत पुरेल असा. आक्का बाहेरून बघत राहिली. शेवंता हळूहळू खाली आली. तिची पावलं त्याच्या छातीवर टेकली, आणि घोट्यापर्यंत आत रुतली.